तिसऱ्या मजल्यावरचा इस्त्रीवाला

नव्या घरात राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. मी हात पुसत धावले. दार उघडलं तर समोर आमचे हे. दारापासून दोन पावलं मागे, भिंतीला चिकटून, दोन्ही हातांवर कपड्यांची चळत घेऊन उभे. नजर खाली. म्हणाले, “इस्त्री.”

“कोणाची?” मी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. “अगं, तू कशी इथे?”

“मी इथेच असते. तुम्हीही इथेच असता. घर आपलं आहे, अहो!”

त्यांनी दारावरचा तीनशे दोन आकडा वाचला, हातातली चळत बघितली आणि त्यांचे कान लाल झाले. निघाले होते चौथ्या मजल्यावरचे कपडे द्यायला. वाटेत तिसरा मजला लागला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने बोट बेलवर गेलं. “जुन्या मालकांचे तीन शर्ट राहिले की काय, असं वाटलं मला एकदम,” ते पुटपुटले आणि जिना चढू लागले. मी दार लावून घेतलं आणि पोट दुखेपर्यंत हसले. हसून झाल्यावर मात्र मला राग आला. नवी बेल, तिचा आवाज कोणीतरी ऐकवावा म्हणून मी तीन दिवस वाट बघत होते, आणि पहिली वाजवली कोणी, तर घरच्याच माणसाने.

बेलचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. ज्यांच्या दारावर जन्मभर तळहाताने धडाधड वाजवलं गेलं, त्यांनाच ते कळतं. आमच्या जुन्या खोलीचं दार पत्र्याचं. शेजारीण वाजवायची आणि मी ‘ये’ म्हणायच्या आत तिचा एक पाय आत असायचा. बेल वाजवणारा माणूस बाहेर थांबतो. आपण केस सारखे करतो, सावकाश जातो, मग उघडतो. माझ्या हिशेबी माणूस वर चढला की नाही, ते एवढ्यावर ठरतं.

ही इमारत चार मजल्यांची. दर मजल्याला चार अशी सोळा घरं. तळाला गाड्या उभ्या राहतात आणि जिना जिथे वळतो, त्याच्या पोटात एक तिरकी जागा आहे. तिथे यांचं टेबल. त्यावर चौघडी करून टाकलेली जुनी घोंगडी, कडेला झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली आणि खिळ्याला लटकवलेले रंगीत दोरे. पहिल्या मजल्याच्या गाठोड्याला लाल दोरा, दुसऱ्याला हिरवा, असं त्यांचं शास्त्र. टेबलाच्या एका अंगाला ताठ उभं राहिलं तर टाळकं सिमेंटला लागतं. म्हणून यांची मान जरा डावीकडे कललेली असते. घरी जेवतानाही तशीच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस कसला तरी विचार करतोय. विचार वगैरे काही नसतो, वर जिना नाही हे मानेला अजून कळलेलं नसतं.

आमची लेक एकुलती एक. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि आठ वर्षांत तिथली मुख्य झाली. तीनशे दोनमधलं म्हातारं जोडपं मुलाकडे राहायला गेलं, घर विकायला निघालं, ते तिने घेतलं. मी तिला म्हटलं, गाव एवढं पसरलंय, याच इमारतीत कशाला? तर म्हणाली, “आई, लहानपणी मी बाबांबरोबर चळत घेऊन वर यायचे. दार उघडायचं, एक हात बाहेर यायचा, कपडे आत जायचे, दार बंद. आत काय आहे ते मला कधी दिसलंच नाही. मला या इमारतीत आतून राहायचंय.”

एवढं बोलून पोरगी भांडी विसळायला लागली. मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले आणि एकेक भांडं पुसायला लागले.

घर घेताना तिने बापाला एकच अट घातली होती. “बाबा, आता टेबल बंद. तुमच्या पायांच्या शिरा बघा, दोऱ्यासारख्या वर आल्यात. आणि मी वर राहणार नि तुम्ही खाली माझ्याच शेजाऱ्यांच्या विजारी दाबणार, हे मला नाही चालायचं.”

हे म्हणाले, “बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. लेकीला ते माहीत होतं, मला माहीत होतं, तरी आम्ही दोघी ते ‘हो’ म्हणून धरून चाललो. खोटं कशाला बोलू, मी लेकीच्याच बाजूची होते. मालकीण व्हायचं आणि नवरा जिन्याखाली, म्हणजे कोट घालायचा आणि पायात चप्पल नाही. मी रोज सकाळी त्यांना सांगायचे, “आता आपण यांच्यातले झालो. यांच्यातला माणूस जिन्याखाली उभा बरा दिसतो का?”

ते म्हणायचे, “तुम्ही दोघी आत्ता चढलात गं. मी कधीचाच चढलोय.”

त्यांचं म्हणणं असं. त्यांचे वडील कोळशाची इस्त्री खांद्यावर टाकून दारोदार फिरायचे. जिथे हाक येईल तिथे फाटकाशी बसायचं, दुसऱ्याच्या ओट्यावर कपडा पसरायचा, उन्हात इस्त्री फुंकायची. पाऊस आला की धंदा बंद. ज्या दिवशी यांना या जिन्याखाली जागा मिळाली, डोक्यावर छप्पर, भिंतीत विजेचं बटण आणि गिऱ्हाईक आपणहून येणारं, त्या दिवशी त्यांनी वडिलांना आणून टेबल दाखवलं होतं. म्हातारा टेबलाभोवती तीन वेळा फिरला, बटण दाबून बघितलं, आणि म्हणाला, “साहेब झालास की रे!”

“बापाने साहेब म्हटलंय मला,” हे म्हणायचे. “त्याच्यावर आणखी तीन मजले चढलो काय नि न चढलो काय.”

म्हणजे एका घरात तीन माणसं आणि चढण्याची तिघांची तीन मापं. लेकीचं माप बापाचे पाय, माझं माप दाराची बेल, आणि यांचं माप एक टेबल, तेही तिरकं.

इमारतीतल्या लोकांचं तर वेगळंच. आम्ही वर राहायला आलो तशी त्यांची बोलीच बदलली. सव्वीस वर्षं ‘अरे, संध्याकाळपर्यंत दे रे’ म्हणणारी माणसं ‘अहो काका, सवडीने द्या’ म्हणायला लागली. मला गुदगुल्या झाल्या. हे मात्र घाबरले. “दुसऱ्या मजल्याचे वकीलसाहेब ‘अहो’ म्हणाले आज,” संध्याकाळी मला हळूच सांगतात. “काय चुकलं असेल माझं? कपडा तर जळला नाही कुठला.”

वकीलसाहेब बरोबर आमच्या खाली, दोनशे दोनमध्ये. त्यांचं दुःख मला पाण्याच्या टाकीशी समजलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना ते सांगत होते, “आपण जिथे होतो तिथेच आहोत. पण खालचा माणूस आपल्या डोक्यावर राहायला गेला, म्हणजे आपण खालीच आलो ना?” बाई म्हणाल्या, “कानामागून आले आणि तिखट झाले.” मी बादली भरून मुकाट्याने निघून आले आणि त्या रात्री स्वयंपाकघरात खलबत्ता जरा जास्तच जोरात चालवला. दोनशे दोनच्या छतावर.

पण खरी गंमत पुढे झाली. गंमत म्हणजे संकटच. कपडे यायचे थांबले.

कोणी वाईट वागलं म्हणून नाही. लाजेने. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई, तीस पोरांच्या शिकवण्या घेणाऱ्या, चांगल्या बाई. त्या गाठोडं घेऊन जिन्यात यायच्या, यांना बघायच्या आणि गाठोडं पाठीमागे धरून परत फिरायच्या. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, “अहो, काल तुम्ही माझ्याकडे चहाला बसलात. आज तुमच्या यजमानांच्या हातात माझ्या उशांचे अभ्रे कसे देऊ?” आणि नाक्यावरच्या दुकानात देऊन आल्या. सोळा घरांची बारा झाली, बाराची सात, मग चार. आम्ही वर चढलो आणि धंदा बसला.

माझ्या मनासारखंच झालं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनात म्हटलंही. पण यांच्याकडे बघवेना. रिकाम्या टेबलापाशी सकाळी आठला उभे राहायचे. कपडे नाहीत म्हणून घरचे पडदे नेले. पडदे संपले, भांडी पुसायची फडकी नेली, त्यांच्याही अशा कडक घड्या घातल्या की मला भांडी पुसायला जीव होईना. एकदा तर रद्दीतला वर्तमानपत्राचा कागद सरळ करून आणला. जेवताना बोलेनासे झाले. रोज घरी येऊन इमारतीच्या बातम्या सांगणारा माणूस, त्याच्याकडे आता बातमीच नव्हती.

बातम्या म्हणजे कुचाळक्या नव्हेत, तेवढं आधी सांगते. इस्त्रीवाल्याला सगळं कळतं. कोणाला बढती मिळाली, तर गाठोड्यात कोट येतो. कोणाचं पोर मोठं झालं, तर शाळेचा गणवेश जाऊन लांब विजार येते. कोणाचे दिवस ओढीचे आहेत, तर कॉलर उलटून शिवलेली असते, आणि हे ती कॉलर अशी दाबतात की शिवण दिसू नये. चांगली बातमी असली तर घरी येऊन सांगायचे. वाईट असली तर त्यांचा एकच शब्द, “गाठोड्यातलं गाठोड्यात.” सव्वीस वर्षांत त्यांनी वाईटातली एकच गोष्ट मला सांगितली, तीही काळजी वाटली म्हणून, आणि कुणाकडे बोलायची नाही या बोलीवर. ती आपल्या इमारतीच्या सेक्रेटरींची. सेक्रेटरी एकशे चारमध्ये एकटे राहतात. कंपनीने त्यांना मुदतीच्या आधी घरी बसवलं त्याला पाच वर्षं झाली. लोकांना ते सांगतात, सल्लागार म्हणून जातो. दर आठवड्याला पाच ऑफिसचे शर्ट इस्त्रीला येतात. पण त्या शर्टांना घाम नसतो, शाई नसते, बसमध्ये बसल्याची चुणी नसते. मागच्या आठवड्यात दिले तसेच घडीचे परत आलेले असतात. तरी हे पाचही शर्ट पुन्हा इस्त्री करून परत देतात.

तर असे हे पाच शर्टांचे सेक्रेटरी. त्यांनीच खाली फळ्यावर नोटीस लावली. नियम अठरा : सदस्य किंवा त्यांचे कुटुंबीय यांना सामाईक जागेत व्यवसाय करता येणार नाही. रविवारी सकाळी गच्चीवर सभा.

मी नोटीस दोनदा वाचली. बाहेरचा माणूस असता तर चाललं असतं, सव्वीस वर्षं चाललंच होतं. इमारतीतला झाला म्हणून चालत नाही! घर मिळालं आणि त्याच घराने पायाखालची जागा काढून घेतली.

यांनी नोटीस वाचली नाही, नुसती बघितली. मग वर आले, सोफ्यावर टोकाला बसले आणि म्हणाले, “कायदा आहे म्हटल्यावर काय बोलायचं.” लेक बाजूलाच होती. तिच्या मनासारखं झालं होतं, पण तिचाही चेहरा पडला. जिंकलेल्या माणसाचा असा चेहरा मी पहिल्यांदा बघितला.

रविवारी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी ठरवूनच गेले होते की तोंड उघडायचं नाही. सदस्य लेक आहे, ती बोलेल, आपण मालकिणीसारखं हात जुळवून बसायचं. सेक्रेटरींनी नोटीस वाचली. जाहीर झालं की टेबल महिन्याअखेर हलवावं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “पण इतकी वर्षं...” मग वकीलसाहेब उठले.

“व्यक्तिशः माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. माणूस असं म्हणतो तेव्हा सगळं म्हणणं त्याचंच असतं. “पण काका, तुम्ही आता आमच्यातले झालात. आमच्यातला माणूस जिन्याखाली उभा बरा दिसत नाही.”

माझ्या अंगावर कोणी गार पाणी ओतावं तसं झालं. हे वाक्य माझं होतं! गेले तीन आठवडे रोज सकाळी मी यांना हेच ऐकवत होते, आणि मला ते किती शहाणपणाचं वाटायचं. वकिलांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं ते किती आंबट आहे. आणि हे ऐकून यांची मान मी बोलायचे तेव्हा व्हायची तशीच आणखी थोडी कलली.

मी उठले. हात जुळवून बसायचं वगैरे गेलं खड्ड्यात.

“वकीलसाहेब, तुमच्याकडे अशील येतात. लिफ्टमध्ये कुत्र्यासारखे भुंकत भांडतात. ते चालतं?”

“ते माझ्या घरात येतात, वहिनी. आणि वकिली म्हणजे व्यवसाय, धंदा नव्हे.”

“बाईंकडे तीस पोरं येतात. साठ चपला जिन्यात असतात. जिना सामाईक नाही?”

मास्तरीणबाईंनी ओशाळून चष्मा काढला. मी त्यांच्यावर नव्हते रागावले, पण आता गाडी उताराला लागली होती.

“मग तुम्हीही घरात करा ना इस्त्री,” चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

“करू की! खालच्या मजल्यांवरची माणसं गाठोडं घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणार? लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस आजारी. जाता येता हातातलं टाकता येतं म्हणून तर ते टेबल आहे. इतकी वर्षं तुमच्या मुलाखती, लग्नं, बढत्या, सगळं यांच्या टेबलावरून गेलंय. चुरगळलेले गेला असतात का तिथे? आणि दिसायचं म्हणता? कोणाचं काय बरं दिसतं नि काय झाकलेलं असतं, ते आमच्या टेबलाइतकं कोणाला ठाऊक आहे? कोणाच्या कॉलरी उलटलेल्या आहेत, कोण कुठे जातो आणि कोण कुठेच जात नाही, पाच पाच...”

“अगं.”

एवढंच म्हणाले हे. मोठ्याने नाही. पण सव्वीस वर्षांचं गाठोडं मी सोडायला निघाले होते आणि दोऱ्याच्या गाठीवर त्यांनी हात ठेवला. मी थांबले. जीभ दाताखाली धरली आणि खाली बसले.

सेक्रेटरी समोर उभे होते, हातात नियमांचं पुस्तक. त्यांचा शर्ट पांढरा, बाह्यांच्या घड्या सुरीसारख्या. उजव्या हाताने ते डाव्या बाहीचं बटण चाचपत होते. त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. मी काय बोलणार होते तेही कळलं आणि ते का बोलले नाही तेही. मला इतकी लाज वाटली की वाटलं, उठून त्यांची माफी मागावी. पण तशी मागितली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून तशीच बसून राहिले.

त्यांनी घसा साफ केला. पुस्तक पुन्हा उघडलं. “नियम अठराला एक पोटनियम आहे,” ते म्हणाले. “सदस्याने लेखी विनंती केली आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहिलं, तर सेक्रेटरीला परवानगी देता येते.”

“हे मघाशी नाही वाचलंत,” वकीलसाहेब म्हणाले.

“मघाशी चष्मा नीट पुसलेला नव्हता.”

कोणीतरी हसलं आणि गच्चीवर जरा वारा सुटल्यासारखं झालं. मग सगळ्यांची डोकी एकदम आमच्या लेकीकडे वळली. सदस्य ती. विनंती तिने करायची. आणि टेबल बंद व्हावं असं सगळ्यांत जास्त वाटणारी तीच.

हे तिच्याकडे झुकून म्हणाले, “पोरी, घर तुझं आहे. तुला खाली मान घालावी लागत असेल तर नको. मी टेबल हलवतो. नाही म्हटलंस तर मला राग नाही.”

“बाबा, तुम्हाला काय हवंय ते सांगा. आईला काय हवंय, मला काय हवंय ते सोडा.”

“मला?” त्यांना हे कोणी विचारलेलं नव्हतं बहुतेक. “मला वर घर हवंय आणि खाली टेबल हवंय.”

“दोन्ही?”

“दोन्ही. वर गेल्यावर खाली येता येत नसेल, तर ते चढणं कसलं? झाडावर गेलेल्या मांजरासारखं होईल माझं. वर बसून नुसतं ओरडायचं.”

सगळी गच्ची हसली. वकीलसाहेबसुद्धा, नको नको म्हणत. लेकही हसली, पण तिचे डोळे भरलेले होते. तिने बापाच्या पायांकडे बघितलं. “पण एक उंच स्टूल आणणार मी. दर तासाला बसायचं.”

“बघू,” हे म्हणाले, आणि तिची नजर बघून घाईघाईने म्हणाले, “बसेन. बसेन.”

सेक्रेटरींनी एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं. लेकीने त्यांचंच नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन त्यावर लिहायला सुरुवात केली. लिहिताना ती एका जागी थांबली, आणि ती कुठे थांबली हे न बघताही मला समजलं.

ही गोष्ट घरात आम्हा तिघांनाच ठाऊक. पोरगी शिकायला लागल्यापासून किती अर्ज भरले. शाळेचे, कॉलेजचे, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे. प्रत्येक अर्जावर एक रकाना असायचा, वडिलांचा व्यवसाय. सातवीत पहिल्यांदा तिने स्वतःच्या हाताने अर्ज भरला आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘खाजगी नोकरी’. खाली पालकांची सही. हे सही करायच्या आधी कागद वरपासून खालपर्यंत वाचतात, सवयच आहे, कपडा कुठे डागाळलाय का बघावं तसं. त्यांनी तो रकाना वाचला आणि सही केली. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. प्रत्येक वेळी वाचला आणि प्रत्येक वेळी सही केली. पोरीला कधी विचारलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “खोटं काय आहे त्यात? कोणाची तरी चाकरीच करतो की.” आणि इस्त्रीची वायर गुंडाळत बसले.

लेकीने लिहून संपवलं. कागद सेक्रेटरींकडे दिला आणि खुर्चीत ताठ बसली. सेक्रेटरींनी सभेचं काम म्हणून तो मोठ्याने वाचला.

“मी, तीनशे दोनची सदस्य, विनंती करते की माझ्या वडिलांना जिन्याखालच्या जागेत काम करण्याची परवानगी द्यावी. वडिलांचा व्यवसाय, इस्त्री. अनुभव, सव्वीस वर्षं, याच इमारतीत. माझं सगळं शिक्षण याच कामावर झालं आहे.”

मी यांच्याकडे बघितलं. ते उभे राहिले होते. मान ताठ, अगदी सरळ, गच्चीवर वर आभाळाशिवाय काही नव्हतं. मला वाटलं आभार मानायला उठले असतील. सेक्रेटरींनाही तसंच वाटलं, ते म्हणाले, “बसा काका, परवानगी दिली.”

“ते झालं साहेब,” हे म्हणाले. “पण मधलं जरा परत वाचता का? व्यवसायाचं.”

सेक्रेटरींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि या वेळी जरा सावकाश, चौथ्या मजल्यापासून खाली रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं.